माझ्या ताटात कोण जेवतंय

१९ जानेवारी, रविवार

तनुजाने ही वही दिली. तिच्या फिजिक्सची, अर्धी कोरी राहिलेली. म्हणाली, "आई, तू बोलत बसलीस की माझं ध्यान जातं. काय बोलायचं ते इथं लिही." म्हणजे तोंड बंद कर, असंच झालं ते. पण चांगल्या भाषेत बोलली. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. असू दे. कोण वाचणार आहे.

लातूरच्या या गल्लीत प्रत्येक खोलीत एक पोर, एक आई आणि एक कुकर. पोर नीटचा अभ्यास करतंय, आई शिट्ट्या ऐकतीय. परीक्षा मे महिन्यात. तोवर माझं घर निलंग्याच्या पुढं खेड्यात आणि मी इथं. घरी मालक आणि आत्या. आत्या म्हणजे माझी सासू, गुणाबाई. तिला आता चुलीपुढं बसवत नाही, पण जीभ धडधाकट आहे. भाकरी मालक करतात. जन्मात काठवटीला हात न लावलेला माणूस.

निघताना सांगून आले होते, रोज सांजच्याला जेवायच्या आधी ताटाचा फोटो टाकायचा. नाहीतर हा माणूस चहात पाव बुडवून झोपणार आणि फोनवर मला सांगणार, वरणभात खाल्ला. फोटोत लपवता येत नाही.

आजची भाकरी फुटलेल्या कौलासारखी. मधे जळाली, कडेला कच्ची. पिठल्यात गुठळ्या. खाली मालकांच्या पायाचा अंगठा आलाय. आणि कोपऱ्यातून आत्याचा हात. तिला वाटतं, शिजलेल्या अन्नाचा फोटो काढला की नजर लागते. मालक मोबाईल धरतात आणि ही पदराने ताट झाकायला बघते. रोज तिच्या हातातला चांदीचा गोठ येतो फोटोत.

मी बोलून पाठवलं, "पिठात उकळतं पाणी घाला म्हणून कितीदा सांगायचं?"

२५ जानेवारी, शनिवार

तनुजा म्हणाली, "आई, तू फोटो बघतेस का एक्सरे काढतेस?"

दोन बोटांनी फोटो मोठा करायला तिनेच शिकवलं, आता हसती. मी म्हटलं, ताटावरून घर कळतं बाई. कांदा बुक्कीने फोडलेला असला की माणसाला रानात जायची घाई. विळीवर चिरलेला असला की निवांत. आज आत्याच्या भाकरीवर तुपाची धार आहे आणि मालकांच्या भाकरीवर नाही. म्हणजे सकाळी मायलेकांचं वाजलंय आणि मालक तूप लावून मिटवून राहिलेत.

तनुजाने लगेच फोन लावला. "बाबा, आज आजीशी भांडलात का?"

मालक म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

पोरगी हसून हसून आडवी. बऱ्याच दिवसांनी हसली.

१ फेब्रुवारी, शनिवार

फोटो येईनासे झालेत. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मालकांनी सांगितलं, मोबाईल बिघडला. मागून बाई नंबर पुकारत होती. म्हटलं, कुठं आहात? म्हणाले, बँकेत. सांजच्याला कुठली बँक उघडी असते? विचारीपर्यंत फोन ठेवला.

बेजार केलंय या माणसाने. खताचं काहीतरी असेल, सांगायला लाजत असतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोबाईल झाला नीट. फोटो आला.

एक ताट, एक वाटी. वाटीत दुधात कुस्करलेली भाकरी आणि वर चमचा. आत्याने जन्मात चमच्याने खाल्लं नाही. दाढ दुखत असेल. पाट भिंतीला उभा करून ठेवलाय, म्हणजे थंडीचं बाजेवर बसून जेवत असतील. खुशाल जेवा, पण बाजेवर खरकटं सांडू नका.

एक बरं झालं, आत्याचा हात नाही फोटोत. सरावली म्हातारी एकदाची.

म्हटलं, द्या आत्याला फोन. आत्या म्हणाली, "बरी हाय मी. तू पोरीकडं ध्यान दे बाई." बाई म्हणाली मला. एवढी वर्षं झाली लग्नाला, तुळजे, भवाने, हेच ऐकलंय. एवढी गोड बोलली की मलाच कसंतरी झालं. दाढ लई ठणकत असणार. लवंग धरायला सांगितली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजची भाकरी बघून मी उठूनच बसले.

पातळ. गोल. वरचा पापुद्रा टम्म फुगून बसलेला, काठ कुठं फाटलेला नाही. कालपर्यंत हा माणूस कौलं भाजत होता, आज ही भाकरी.

"कुणी केली?"

"मीच की."

"खोटं."

"शिकलो."

"कुणाकडून शिकला?"

"तूच सांगतीस की रोज, उकळतं पाणी घाला म्हणून."

माझं सांगणं या माणसाने कधी ऐकलंय? शेजारी चुलत जाऊ राहते, उज्वला. आधी तिच्यावर संशय गेला. पण उज्वलाची भाकरी जाड आणि तळहाताएवढी, वर कोरडं पीठ तसंच. ही तिची नाही.

मग कुणाची? घरात कुणीतरी बाई येऊन बसतीय. माझ्या चुलीपुढं.

तनुजाची उद्या परीक्षा आहे क्लासची. तिला काही बोलले नाही. भांडी जरा जोरात घासली गेली, तेवढंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोटोत तीन ताटं.

मालक घाईत असतील, मोबाईल उंच धरला आणि सगळंच आलं. एक मालकांचं. एक वाटी आत्याची, ताटात ठेवलेली. आणि तिसरं ताट. मोठं करून बघितलं. काठावर अक्षरं. मोबाईल आडवा केला, उभा केला. "चि. सौ. कां. तुळजा, मामाकडून."

माझं ताट. लग्नात मामाने नाव घालून दिलेलं. त्यात मी सोडून कुणी जेवत नाही. तनुजासुद्धा नाही.

तिला दाखवलं. म्हणाली, "ताटच तर आहे आई. ताटाला काय नाव असतं का?"

"असतं. हे बघ. वाचता येत नाही का? एवढी पुस्तकं वाचतेस."

ती हळू आवाजात म्हणाली, "क्लासमध्ये आम्ही कुणाचा डबा कुणाचा बघत नाही. बघत बसलं तर सुट्टी संपून जाईल."

"हा डबा नाही, माझं घर आहे," म्हटलं मी. जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं. भाकरीनेच सांगितलं.

आज ताट खिडकीजवळ होतं, उजेड चांगला होता. भाकरी थापताना फिरते आणि काठाला बोटांच्या खुणा तिरप्या उमटतात. सगळ्या बायांच्या एकाच बाजूला तिरप्या. या भाकरीवरच्या उलट्या. तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात फिरवतात, तोही उलटा फिरलाय. डावरीची भाकरी. आमच्या गावात डावऱ्या हाताने भाकरी थापणारी एकच बाई आहे, लुंबिनी. भीमनगरातली.

ती खुरपणीच्या टोळीची मुकादम. आमच्याच रानात असते. दुपारी बांधावर सगळ्या बाया फडकी सोडतात. आमचं फडकं या बाजूला, त्यांचं त्या बाजूला. मधे बांधाची वाट. तिची भाकरी मी दर साली लांबून बघते. वाऱ्याने उडंल इतकी पातळ. चाखली कधी नाही. चाखायचा सवालच नव्हता.

आमच्या घरी मजुरांची ताटली, पेला गोठ्यात वेगळा असतो. आत्या त्यांना पाणी देती ते वरून. लुंबिनी उंबऱ्याच्या आत आलेली मी बघितली नाही.

फोन लावला. म्हटलं, "माझ्या ताटात कोण जेवतंय?"

मालक म्हणाले, "तुळजा, परीक्षा होऊ दे पोरीची. मग सांगतो."

"लुंबी जेवतीय ना?"

मालक म्हणाले, "तुला कसं कळलं?"

मी ठेवला फोन. आत्याला माहीत नसणार. तिला आता नीट दिसतही नाही. बिचारी तिच्या हातचं खाऊन राहिली आहे आणि तिला पत्ताच नाही. कळलं तर जीव देईल. रविवारी तनुजाची सबंध दिवस परीक्षा आहे. तिचा दोन वेळचा डबा करून ठेवते आणि गावी जाते. आत्याला मीच सांगते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खोलीवर परत आले. तनुजा झोपलीय. कालचं आणि आजचं दोन्ही लिहिते.

काल गावात उतरले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ. घरी सांगितलं नव्हतं. दार उघडंच. आत गेले तर चुलीपुढं लुंबिनी बसलेली. माझ्या ताटात जेवत होती.

उठली नाही ती. घास तोंडात होता तो चावला, गिळला. म्हणाली, "या अक्का. हात धुवा."

माझ्याच घरात मला म्हणती, हात धुवा.

मालक भिंतीला टेकून बसले होते ते चोर धरल्यासारखे उभे राहिले. आणि बाजेवर आत्या. आडवी. पाय उशांवर ठेवलेला, अंग अर्धं झालेलं. गळ्यात फडकं बांधलेलं लेकरासारखं.

"काय झालं आत्याला?" मी म्हटलं.

"न्हाणीत पडली माय," मालक म्हणाले. "खुब्याच्या हाडाला तडा गेलाय. उतरायचं न्हाई म्हणलाय डॉक्टर."

"कधी?"

"मोबाईल बिघडला म्हणलं होतं ना, तवा."

बँक म्हणे. दवाखाना होता तो. मी बाजेवर बसले. बोलायला लई होतं, पण ज्याच्यासाठी आले होते ते आधी बाहेर आलं. आत्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "आत्या, तुम्हाला माहीत आहे का, ही भाकरी कुणाच्या हातची आहे?"

आत्याने माझ्याकडं असं बघितलं की खरी आत्या परत आली. "कंबर मोडली माझी, तुळजे. डोळे न्हाई मोडले."

लुंबिनी ताटातलं वरण बोटाने निपटत होती. तिने वर बघितलं नाही, पण हसू दाबलं ते मला दिसलं.

"मीच म्हणलं हिला करायला," आत्या म्हणाली. "पडले तवा हा रानात. ही काढणीचं इचारायला आली होती, हिनं उचललं. उज्वलीकडनं दोन दिस डबा आला. मग तिचा मणका दुखाया लागला. मग तुझ्या नवऱ्याची भाकरी. खाल्लीस का कधी?"

"फोटोत बघितली."

"फोटोत दात पडत न्हाईत. हिला म्हणलं, गोठ्यात चूल मांड, तिथं कर आन् आत आणून दे. तर म्हणती कशी, गोठ्यात म्हशीचं करते, माणसाचं चुलीपुढं करते. आन् जिथं करीन तिथंच बसून खाईन. न्हाईतर तुमचा लेक हायच की."

"मग?"

"मग काय. दोन दिस इचार केला. तिसऱ्या दिशी भूक लागली."

मालक फिस्सकन हसले. मी बघितल्यावर थांबले.

मला काय करावं कळेना. बसने अंग आंबलेलं, सकाळपासून पोटात काही नाही. फळीवरून दुसरं ताट काढलं, पाव्हण्यारावळ्यांचं, आणि बसले. मालकांनी वाढलं. लग्न झाल्यापासून या माणसाने मला पहिल्यांदा वाढलं. भाकरी मोडली. मऊ. गार झालेली असूनसुद्धा मऊ. कशी करती कुणास ठाऊक. चांगली झाली आहे असं म्हणवेना, आणि दुसरी अर्धी मागून घेतली.

लुंबिनीने आपलं ताट घासलं. माझं ताट. पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "अक्का, उद्यापासून ज्वारीची काढणी हाय. टोळी माझ्यासाठी थांबलीय. मालक म्हणतात, येत जा. आत्या म्हणतात, येत जा. पैशाचं बोलणं झालंय, ते सोडा. पण घर तुमचं हाय. मे महिन्यात तुम्ही येणार आन् हे ताट भट्टीत घालून उजळून घेणार असला, तर मी उद्या रानात जाते ती परत येत न्हाई. आजच सांगा."

"माझंच ताट का घेतलंस?" एवढंच निघालं माझ्या तोंडून.

"नाव वाचलं की मी. तुम्ही इथं नव्हता. ताट रिकामं होतं."

मी आपलं खरकटं आवरत राहिले. ती थोडी थांबली आणि गेली.

मालक म्हणाले, "तू म्हणशील तसं." या वाक्याचा मला लई राग आहे. मी म्हणेन तसं, म्हणजे माझ्या डोक्यावर. मी राहिले तर तनुजाचं काय? हॉस्टेलच्या जेवणाने पोरगी पहिल्या महिन्यात आजारी पडली होती, म्हणून तर खोली केली. आणि गेले तर आत्याचं काय? सांजच्याला तिचं अंग पुसताना म्हटलं, "मी राहते इथंच." आत्या म्हणाली, "राहून काय करशील? माझं हाड काय तुझ्या तोंडाकडं बघून जुळणार हाय? पोरीला अर्ध्यात सोडू नको."

मग माझा हात धरला. हातावर थोपटत म्हणाली, "लुंबीचा हात हलका हाय गं. कूस बदलती तर दुखत न्हाई." मी थोडी रडले. चुलीच्या धुराचं निमित्त केलं, चूल विझलेली होती तरी.

आज सकाळी एसटीच्या थांब्यावर गेले. टोळीच्या बाया टेम्पोची वाट बघत उभ्या, लुंबिनी पुढं, कमरेला विळा. आणि आमची उज्वला, निलंग्याला निघालेली, मणका एकदम ताठ. मला बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "काय गं तुळजे, तुमच्या घरात आता कोण कोण जेवून राहिलंय म्हणे?"

लुंबिनी रस्त्याकडं बघत राहिली, जसं काही ऐकलंच नाही.

तनुजाचं लग्न करायचंय, भावकी काय म्हणेल, हे सगळं माझ्या डोक्यात आलं. खोटं कशाला लिहू. आलं. आत्याचा हात पण आठवला. मग मी उज्वलाला म्हटलं, "थांब, सांगते. आधी हिच्याशी बोलू दे." आणि बांधाची वाट ओलांडतात तशी त्या बायांच्यात गेले.

"लुंबिनी," म्हटलं. आजपर्यंत लुंबे म्हणत आले, कधी नाव नीट घेतलं नाही, म्हणून जीभ अडखळली. "आमच्या घरी दोन्ही वेळचं करशील का? मी मे महिन्यापर्यंत नाही. आत्याला तुझ्याशिवाय जमणार नाही. आत चुलीपुढं कर आणि आतच जेव. त्याच ताटात. मी आल्यावर पण."

उज्वलाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलले का तशीच बोलले, मला आता सांगता येत नाही. माझा आवाज तसाही मोठाच आहे.

लुंबिनीने विळा या कमरेचा त्या कमरेला खोवला. विचार करत होती. म्हणाली, "सकाळी टोळीच्या आधी येईन आन् सांजच्याला आल्यावर. दुपारचं मालक बघतील. त्यांना भाकरी शिकवते, म्हणजे माझ्यामागचा ताप जाईल."

"शिकव. मला तर जमलं नाही."

"आन् येसराचा डबा कुठं ठेवलाय तुम्ही? आत्या रोज येसराच्या आमटीचं म्हणतात. सगळ्या फळ्या धुंडाळल्या मी."

"कोठीत. ज्वारीच्या कणगीमागं, लाल झाकणाचा. भाजून दळलेल्या धान्याच्या मसाल्याला मुंग्या लागतात म्हणून तिकडं ठेवते."

"तिथं कोण बघणार?" ती म्हणाली.

टोळीतली एक म्हातारी हसली. मग टेम्पो आला आणि त्या गेल्या. उज्वला बसमध्ये माझ्यापासून चार बाकं सोडून बसली. बसू दे. तिला सांगायचं राहिलंच, पण तिने ऐकलं होतं सगळं.

निलंग्याला बस बदलताना आठवलं, येसराचं प्रमाण सांगितलंच नाही. आत्याला पातळ आमटी चालत नाही आणि तिखटही झेपत नाही आता. मालकांना फोन लावला. म्हटलं, "लुंबिनीचा नंबर द्या."

"काय काम हाय? मला सांग, मी सांगतो तिला."

"तुम्हाला काय कळतंय? नंबर द्या."

लावला. रानात होती, मागून बायांचा आवाज, वाळल्या पानांची सळसळ. म्हटलं, "हे बघ, येसर आधी गार पाण्यात कालवायचं. एकदम उकळत्यात टाकलंस तर गुठळ्या होतात."

"माहीत हाय अक्का," ती म्हणाली. "आमच्या घरीबी येसर असतंय."

मी म्हटलं, "तू कसं करतेस?"

"मी थोडे तीळ जास्त घालते. आन् बाजरी आधी भाजून घेते."

"ज्वारी नाही घालत?"

"घालते की. पण माझ्या मायचं वेगळं होतं. थांबा, सांगते, या वळीच्या कडंला जाऊ द्या."

ती सांगत बसली. मी खिडकीला डोकं टेकून ऐकत होते, मधेमधे नाही नाही, तसं नाही, असंही म्हणत होते. औसा आलं तरी तिचं सांगून झालं नव्हतं.